दादा, आवाज आला, आता नीट आभार मानू द्या

दादा, नमस्कार. त्या रात्री फोनवरून तुम्ही माझ्या लॅपटॉपचा आवाज सुरू करून दिलात, मी घाईघाईत नुसतं थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि नंतर मनाला चुटपुट लागून राहिली, म्हणून आज हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव लिहीत नाही कारण तुम्हाला ते आवडणार नाही, पण वाचाल तेव्हा कळेलच.

तीन दिवस माझा लॅपटॉप मुका होता. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, वायफाय चाललं, स्क्रीन चालली, आवाजाचा मात्र पत्ता नाही. मी साऊंडचे जेवढे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचे सुटे भाग, सापडतील तेवढे लोडर डॉट कॉन्फ या मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाईलमध्ये भरत सुटलो होतो, आणि एसएनडी एचडीए हा साऊंडचा ड्रायव्हर हाताने लोड करायला गेलो की तेच उत्तर, मॉड्यूल आधीच लोड आहे किंवा कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच आहे. मी त्याला एरर समजून बसलो होतो. तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "अरे ही तर चांगली बातमी आहे, ड्रायव्हर जेनेरिक कर्नलमध्येच बसलेला आहे, त्याच्या मागे लागू नकोस, आता एसएनडीस्टॅट उघड आणि वाच." एसएनडीस्टॅट म्हणजे सिस्टीमला दिसणाऱ्या साऊंड डिव्हाइसची यादी, आणि तीन दिवसात ती फाईल मी एकदाही उघडली नव्हती हो!

त्यात तीन ओळी होत्या. पीसीएम ० म्हणजे एचडीएमआय आणि त्याच्यापुढे डीफॉल्ट लिहिलेलं, पीसीएम १ आणि पीसीएम २ रिअलटेकचे, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या साऊंड चिपचे. म्हणजे आवाज व्यवस्थित तयार होत होता आणि जिथे मॉनिटर लावलेलाच नाही त्या एचडीएमआयकडे जात होता. सिसकंट्रोल या सेटिंग बदलायच्या कमांडने डीफॉल्ट युनिट १ केलं, तरी शांतता, मग तुम्ही म्हणालात की प्लेअर बंद करून परत उघड, त्याने जुनंच डिव्हाइस धरून ठेवलंय. उघडला आणि स्पीकरमधून गाणं सुरू झालं, तेव्हा मी काय ओरडलो ते तुम्ही ऐकलंच.

खरं तर तिथेच तुम्ही फोन ठेवू शकला असता. पण तुम्ही विचारलंत, हेडफोन लावून बघितलास का? लावला, तर हेडफोनमध्ये काही नाही आणि आवाज स्पीकरमधूनच चालू. मग तुम्ही जे समजावलंत ते मला आजवर कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं, की कोडेकच्या, म्हणजे साऊंड चिपच्या, प्रत्येक पिनला (स्पीकर किंवा जॅक जिथे जोडलेला असतो त्या टोकाला) एक नंबर असतो, बायोस त्या पिनांचे ग्रुप पाडून देतं, माझ्याकडे स्पीकर २० नंबरवर ग्रुप १ मध्ये आणि हेडफोन ३३ नंबरवर वेगळ्याच ग्रुप २ मध्ये टाकलाय, म्हणून ड्रायव्हर त्यांना दोन वेगळी डिव्हाइस समजतो. हेडफोनला ग्रुप १ आणि सिक्वेन्स (ग्रुपमधला क्रमांक) १५ द्यायचा, कारण १५ चा अर्थच हा की जॅक लागला की बाकीचं म्यूट कर. आणि फाईलला लगेच हात लावायचा नाही, आधी सिसकंट्रोलने पिनची व्हॅल्यू बदलून रीकॉन्फिग १ करून, म्हणजे ड्रायव्हरला नवी मांडणी लावायला सांगून बघायचं, रीबूटसुद्धा लागत नाही.

मी केलं, आणि काहीच बदललं नाही. रात्रीचा एक वाजून गेला होता, मला तर रडू यायचं बाकी होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांमध्ये, रिअलटेकची ओळ शोध आणि तिच्या सुरुवातीला काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. मी वाचलं, एचडीएए १. आणि मी टाईप केलं होतं एचडीएए ०, म्हणजे एचडीएमआयच्या कोडेकला हेडफोनची पिन बदलायला सांगत होतो. चूक तुम्हाला आधीच कळली असणार, पण ती मला सापडू दिलीत, त्याबद्दलच सगळ्यात जास्त आभार मानायचेत. नुसती तयार कमांड दिली असती तर ती मी चिकटवली असती आणि पुढच्या वेळी परत तुमच्याच दारात उभा असतो.

० चा १ केला, जॅक लावला, स्पीकर गप्प आणि कानात आवाज. काढला, परत स्पीकर. दहा वेळा तरी लावून काढून बघितलं असेल.

आता लोडर डॉट कॉन्फमधल्या मॉड्यूलच्या ओळी सगळ्या काढल्या आहेत, पिन ३३ ची हिंटची, म्हणजे ड्रायव्हरला ती व्हॅल्यू सुरुवातीलाच सांगणारी, एकच ओळ ठेवलीय, डीफॉल्ट युनिट सिसकंट्रोल डॉट कॉन्फ या फाईलमध्ये टाकलंय, आणि तुम्ही सांगितलं तसं दोन्हीकडे वरती कॉमेंटमध्ये लिहून ठेवलंय की हे का केलंय. कालच एका मित्राच्या मशीनला असाच प्रॉब्लेम आला, त्याला मी पहिलं एसएनडीस्टॅटच उघडायला लावलं. मनापासून आभार, दादा.