पहाटे फिट, अकराला पेपर

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

माझी मुलगी आठवीत आहे. नागनाथ पाराजवळच्या घरापासून शाळा चालत दहा मिनिटांवर, रस्ता पहिलीपासूनचा. तरी गेल्या श्रावणात शाळेतून येताना ती पेरूगेटपाशी थबकली आणि कुठे वळायचं तेच तिला उमजेना. ओळखीच्या भाजीवाल्या मावशींनी तिला घरी आणून सोडलं. त्याच पहाटे तिला झोपेत फिट आली होती. अकराला चाचणी होती म्हणून मीच तिला पाठवलं होतं. त्या चाचणीचे मार्क आले आणि सोबत शेरा: अभ्यासात हलगर्जीपणा.

हलगर्जीपणा नाही हो. तिला मिरगी आहे. तिच्या फिट्स मेंदूच्या टेम्पोरल लोबमधून, म्हणजे कानशिलाजवळच्या भागातून, सुरू होतात. तिथेच आत हिप्पोकॅम्पस असतो. नवं शिकलेलं साठवणं आणि जागा, रस्ते ध्यानात ठेवणं ही दोन्ही कामं त्याच्याकडे. विशिष्ट जागी पोचलं की जाग्या होणाऱ्या पेशी शास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्येच सापडल्या आणि २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. फिट तिथे उसळली की ही घडी विस्कटते, आणि फिट थांबली तरी लगेच बसत नाही; कधी तास जातात, कधी दिवस. दिवसभराचं शिकलेलं झोपेत पक्कं होतं. फिट झोपेतच आली, तर रात्री घडाघडा म्हटलेली कविता सकाळी आठवत नाही. काही औषधांनीही विचार मंदावतो, पण ती बंद करता येत नाहीत.

मिरगी असलेल्या प्रत्येक मुलाचं असं होत नाही. औषधांनी फिट्स आटोक्यात येऊन कित्येक मुलं छान शिकतात. काहींना मात्र नुसती काही सेकंदांची तंद्री लागते, तीही फिटच; तेवढं वाक्य निसटतं, आणि बाई म्हणतात, लक्ष कुठे आहे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मिरगीचं नाव त्यांत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना वाढीव वेळ मिळतो, तसा न्यूरॉलॉजिस्टच्या दाखल्यावर या मुलांनाही मिळावा. आदल्या चोवीस तासांत फिट आली असेल, तर शाळेतली परीक्षा पुन्हा घ्यावी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मिरगीसाठी एक तास ठेवावा. चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, कुशीवर वळवावं, फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवावी, एवढं तरी प्रत्येक वर्गात माहीत हवं.

तिच्या दहावीला दोन वर्षं आहेत. त्याआधी हे परिपत्रक काढा, साहेब.

आपली,
एक आई, सदाशिव पेठ, पुणे