‘शुगर फ्री’ बिस्किटांच्या पुड्यावरील दिशाभूल करणारे दावे आणि अपुरा पोषणतक्ता: लेखी तक्रार

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: शुगर फ्री मल्टिग्रेन बिस्किटे (150 ग्रॅम), पुड्यावरील ‘मधुमेहींसाठी योग्य’ हा दावा मागे घेणे व पोषणतक्ता दुरुस्त करणे याबाबत.

महोदय,

वरील बिस्किटांच्या पुड्यावर दर्शनी बाजूला चार दावे ठळक छापलेले आहेत: ‘शुगर फ्री’, ‘हाय फायबर’, ‘मल्टिग्रेन’ आणि हिरव्या गोलात ‘मधुमेहींसाठी योग्य’. एका बिस्किटात कर्बोदके किती, असे आपल्या ग्राहक सेवेला ई-मेलने विचारले, तेव्हा उत्तर आले: ‘आमच्या बिस्किटांत साखर अजिबात नाही, त्यामुळे मधुमेही ती निर्धास्तपणे खाऊ शकतात.’ विचारलेला आकडा मिळालाच नाही. जे उत्तर मिळाले ते चुकीचे आहे, आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. म्हणून आता सविस्तर लिहीत आहे.

मागच्या तक्त्यात 100 ग्रॅमचे आकडे असे आहेत: ऊर्जा 448 किलोकॅलरी, प्रथिने 7.5 ग्रॅम, कर्बोदके 70 ग्रॅम, त्यांपैकी एकूण साखर 0.4 ग्रॅम, वरून घातलेली साखर 0, एकूण फॅट 18 ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट 8.5 ग्रॅम. आपली जाहिरात त्यातल्या 0.4वर उभी आहे. रक्तातली शुगर मात्र 70वर ठरते. तक्त्यातल्या ‘साखर’ या ओळीत ग्लुकोज, फ्रुक्टोज, साधी साखर, दुधातले लॅक्टोज अशा लहान साखरा तेवढ्या मोजतात. मैद्यातला स्टार्च त्या ओळीत येत नाही, पण पचनात त्याचे ग्लुकोजच होते, आणि मैदा बारीक दळलेला व कोंडा काढलेला असल्याने ते लवकर होते. म्हणून मधुमेहाच्या रुग्णाला आहारतज्ज्ञ पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की आधी एकूण कर्बोदकांची ओळ बघा, साखरेची नंतर. आपला पुडा नेमके उलटे शिकवतो.

आपल्याच साध्या मारी बिस्किटांच्या पुड्यावर 100 ग्रॅममध्ये 77 ग्रॅम कर्बोदके लिहिली आहेत. चार बिस्किटे म्हणजे साधारण 33 ग्रॅम वजन धरले, तर मारीतून 25 ग्रॅमच्या थोडी वर आणि या शुगर फ्री बिस्किटांतून 23 ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. फरक दोन-सव्वादोन ग्रॅमचा. 30 ग्रॅम कणकेच्या एका चपातीत सुमारे 20 ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे सकाळच्या चहाबरोबर ही चार बिस्किटे घेणारा मधुमेही एक चपाती आणि वर थोडे खातो, आणि आपण काहीच गोड खाल्ले नाही म्हणून दुपारच्या जेवणात हात आखडता घेत नाही. जेवणानंतर दोन तासांची रक्तातली शुगर 180च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर दिसते, मग दोष भाताला दिला जातो, औषधाला दिला जातो, डॉक्टर गोळी वाढवतात. बिस्किटावर संशय जात नाही, कारण त्यावर ‘मधुमेहींसाठी योग्य’ लिहिले आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांचा प्रश्न याहून थेट आहे. कर्बोदके मोजून डोस घेणाऱ्या ज्या रुग्णाचे प्रमाण 10 ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन असे आहे आणि ज्याला एक युनिट शुगर साधारण 50ने उतरवते, त्याने ही चार बिस्किटे शून्य धरून खाल्ली, तर कागदावरच्या हिशेबाने शुगर शंभराहून जास्त चढू शकते. टाइप 1 मधुमेह असलेल्या, म्हणजे इन्सुलिन घ्यावेच लागणाऱ्या शाळकरी मुलाच्या डब्यात हाच पुडा विश्वासाने ठेवला जातो, हे आपण लक्षात घ्यावे.

आता घटकपदार्थ. यादी अशी आहे: मैदा (54 टक्के), पाम तेल, माल्टिटॉल (965), माल्टोडेक्स्ट्रिन, ओट्स (3 टक्के), गव्हाचा कोंडा (3 टक्के), नाचणी (2 टक्के), ज्वारी (2 टक्के), सोया प्रथिन, मीठ, फुगवण्याचे पदार्थ, सुक्रालोज (955). नियमाप्रमाणे ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. याचा अर्थ माल्टोडेक्स्ट्रिन ओट्सपेक्षा कमी नाही आणि माल्टिटॉल त्याहूनही कमी नाही. पुड्याच्या चित्रात नाचणी आणि ज्वारीची कणसे डोलताना दाखवली आहेत, आत दोन्ही मिळून 4 टक्के आहेत. टक्केवारी छापली, एवढे नियमाचे पालन आपण केले आहे, ते मान्य. पण 54 टक्के मैद्याच्या बिस्किटाला मल्टिग्रेन म्हणून विकणे पटत नाही.

माल्टोडेक्स्ट्रिनबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. ही स्टार्च तोडून केलेली, ग्लुकोजच्या साखळ्यांची पांढरी भुकटी. साखळी असल्यामुळे तक्त्यातल्या साखरेच्या ओळीत ती बहुतांशी दिसत नाही. चवीला फारशी गोड नाही. पण पोटात गेल्यावर साखळ्या झटपट तुटतात आणि तिचा ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थ रक्तातली शुगर किती चढवतो याचे मोजमाप) थेट ग्लुकोजच्या जवळपास भरतो, म्हणजे साध्या साखरेहूनही वर. साखर काढून तिच्या जागी माल्टोडेक्स्ट्रिन घालायचे आणि पुड्यावर ‘शुगर फ्री’ लिहायचे, हे अक्षरशः नियमात बसत असेलही. एफएसएसएआय या केंद्रीय अन्न नियामक संस्थेच्या 2018च्या जाहिरात व दावे विनियमांनुसार 100 ग्रॅममध्ये 0.5 ग्रॅमपर्यंत साखर असलेल्या पदार्थाला ‘शुगर फ्री’ म्हणता येते आणि आपला आकडा 0.4 आहे. त्या दोन शब्दांवर माझी हरकत नाही. हरकत त्यांच्याशेजारच्या हिरव्या गोलावर आहे. ‘मधुमेहींसाठी योग्य’ हे कशाच्या आधारावर? या बिस्किटांचा ग्लायसेमिक इंडेक्स माणसांवर चाचणी करून मोजला आहे का, कोणत्या प्रयोगशाळेत, किती आला, याचे कागद मला पाठवावेत.

माल्टिटॉल हे पॉलिऑल, म्हणजे वेगवेगळ्या साखरांपासून बनवलेले, रसायनशास्त्रात अल्कोहोल गटात मोडणारे गोडवा देणारे द्रव्य. ते पूर्ण शोषले जात नाही, पण शून्यही नाही. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स 35च्या आसपास आहे, साखरेचा 65. सगळी पॉलिऑल सारखी नसतात. एरिथ्रिटॉलचा परिणाम जवळजवळ शून्य, माल्टिटॉलचा यांत बराच वरचा. म्हणून कर्बोदके मोजणारे लोक पॉलिऑलचा अर्धा भाग वजा करतात आणि उरलेला हिशेबात धरतात. त्यासाठी पॉलिऑल किती ग्रॅम आहे हे कळायला हवे. आपल्या तक्त्यात ती ओळच नाही.

ती नाही म्हणून आकड्यांवरून काढून पाहिले. प्रथिने 7.5 गुणिले 4, म्हणजे 30. फॅट 18 गुणिले 9, म्हणजे 162. कर्बोदके 70 गुणिले 4, म्हणजे 280. बेरीज 472. आपण छापले आहे 448. हा 24 किलोकॅलरींचा फरक कुठून आला? पॉलिऑलला ग्रॅममागे 4ऐवजी साधारण 2.4 धरतात आणि फायबरला 2, म्हणून ऊर्जा कमी दिसते. सगळा फरक पॉलिऑलचा असेल तर ते 15 ग्रॅम होते. फायबर 6 ग्रॅम धरले तर त्याचे 12 किलोकॅलरी जाऊन पॉलिऑल साडेसात ग्रॅम उरते. फायबर साडेतीनच असेल तर पॉलिऑल साडेदहाच्या वर जाते. यातले खरे कोणते, हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि रुग्णाला तर नेमके तेच हवे असते. शिवाय 70 ग्रॅममध्ये फायबर धरले आहे की वेगळे ठेवले आहे, हेही लिहिलेले नाही.

साडेतीनचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. गव्हाच्या कोंड्यात 100 ग्रॅमला 40 ते 45 ग्रॅम फायबर असते. तो 3 टक्के घातला तर मिळतात सव्वा ग्रॅमच्या आसपास. 54 टक्के मैद्यातून साधारण दीड. ओट्स, नाचणी, ज्वारी मिळून अर्ध्या-पाऊण ग्रॅमपलीकडे जात नाहीत. ‘हाय फायबर’ म्हणायला 100 ग्रॅममध्ये किमान 6 ग्रॅम लागते. या घटकांतून 6 कसे जमले, ते दाखवावे. आणि ज्या पोषकाचा दावा पुड्यावर केला आहे, त्याचे प्रमाण तक्त्यात देणे बंधनकारक असताना फायबरची ओळ गायब आहे, याचे कारण मला समजलेले नाही. पॉलिऑल 10 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पोट ढिले होऊ शकते अशी सूचनाही पुड्यावर असायला हवी. ती नाही. पाच-सहा बिस्किटे खाऊन पोटात गुडगुड आणि जुलाब झालेला वयस्कर माणूस मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीला दोष देऊन ती परस्पर बंद करतो, ही कल्पना नव्हे, रोजच्या व्यवहारातली शक्यता आहे.

सर्व्हिंगचा, म्हणजे एका वेळी खायच्या प्रमाणाचा, आकडा 12 ग्रॅम दिला आहे. एक बिस्किट 8.3 ग्रॅमचे आहे (150 ग्रॅममध्ये 18). 12 ग्रॅम म्हणजे जवळपास दीड बिस्किट. दीड बिस्किट कोण खाते? या लहान सर्व्हिंगमुळे ऊर्जा 54 किलोकॅलरी आणि दिवसाच्या गरजेच्या 2.7 टक्के असे सौम्य आकडे दिसतात. चार बिस्किटांत ते 149 किलोकॅलरी होतात, आणि सॅच्युरेटेड फॅट 2.8 ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या 22 ग्रॅमपैकी 13 टक्के. मधुमेहींना हृदयविकाराचा धोका आधीच जास्त असतो, म्हणून हेही महत्त्वाचे.

छपाईबद्दल: सोनेरी चकचकीत कागदावर फिकट पिवळ्या अक्षरांत तक्ता आहे आणि तो बरोबर पाठीमागच्या जोडावर येतो. ‘त्यांपैकी एकूण साखर’ ही ओळ सपाट भागावर सुटी दिसते, पण तिच्या वरची कर्बोदकांची ओळ जोडाच्या घडीखाली अर्धी दबते. ती घडी नखाने उचलल्याशिवाय 70 हा आकडा वाचता येत नाही. चष्मा लावणाऱ्या, किंवा मधुमेहामुळे दृष्टीच अधू झालेल्या ग्राहकाने काय करायचे? ऑनलाइन विक्रीच्या पानावर तर पाठीमागचा फोटोच नाही.

आणखी एक गोष्ट. रक्तातली शुगर 70च्या खाली उतरली की 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर लगेच घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची, हा नियम आहे. घाम फुटलेला, हात थरथरणारा माणूस हाताशी असेल ते तोंडात टाकतो, आणि मधुमेहींचे म्हणून घरात ठेवलेले बिस्किट हाताशी असते. त्यात साखर जवळजवळ नाही, आणि मैदा व माल्टोडेक्स्ट्रिन एरवी लवकर पचत असले तरी 18 टक्के फॅटमुळे पचन रेंगाळते. ‘शुगर लो झाल्यास हे बिस्किट उपयोगी नाही’ एवढी एक ओळ पुड्यावर छापायला खर्च येत नाही.

आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे 2023मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपण हा पुडा याच लोकांसाठी काढला आहे आणि साध्या बिस्किटांच्या कितीतरी पट भाव लावला आहे. तेव्हा त्यांना लागणारा आकडा देणे हे आपले कामच आहे.

माझ्या मागण्या या आहेत. ‘मधुमेहींसाठी योग्य’ हा गोल पुड्यावरून, जाहिरातींतून आणि ऑनलाइन पानावरून काढावा. ‘शुगर फ्री’ शब्द ठेवायचे असतील तर त्यांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘एका बिस्किटात कर्बोदके 5.8 ग्रॅम’ असे छापावे. तक्त्यात पॉलिऑल आणि फायबर यांच्या स्वतंत्र ओळी द्याव्यात, फायबर कर्बोदकांत धरले आहे की नाही ते लिहावे, आणि सर्व्हिंग पूर्ण बिस्किटांत सांगावे. फायबरचा प्रयोगशाळेतील अहवाल 6 ग्रॅमच्या खाली असेल तर तो दावाही मागे घ्यावा. ग्राहक सेवेतील कर्मचाऱ्यांना दिलेले ‘निर्धास्तपणे खा’ हे छापील उत्तर आजच्या आज बदलावे; बाकीच्या दुरुस्त्यांना नवी छपाई लागेल, याला लागत नाही.

30 दिवसांत लेखी उत्तर आणि मागितलेले चाचणी अहवाल मिळाले नाहीत, तर ही तक्रार एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915वर नोंदवली जाईल. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006च्या कलम 53नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, याची नोंद घ्यावी.

आपला,
एक ग्राहक

सोबत: पुड्याच्या सर्व बाजूंचे फोटो (जोडाची घडी उचलून आणि न उचलता), खरेदीचे बिल, बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख दिसणारा फोटो, ग्राहक सेवेच्या उत्तराची प्रत.