मताधिकारासाठी लढलेल्या स्त्रियांची नावं मुंबईत कोरा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये चर्चिल, गांधीजी, मंडेला अशा अकरा पुरुषांचे पुतळे होते, बाई एकही नव्हती. स्त्रियांच्या मताधिकारासाठी हयात घालवलेल्या मिलिसेंट फॉसेट यांचा पुतळा २४ एप्रिल २०१८ रोजी तिथे बसला. शिल्पकार जिलियन वेअरिंग. अंगावरच्या कोटाच्या लोकरी कापडाचा पोतसुद्धा ब्राँझमध्ये उतरला आहे. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो चौथरा. त्यावर चळवळीतल्या ५९ जणांच्या प्रतिमा नावांसह आहेत. फॉसेट यांचा मार्ग अर्जांचा आणि सभांचा, एमेलिन पँकहर्स्ट यांचा तुरुंगाचा आणि उपोषणाचा. या दोन मार्गांचं कधी पटलं नाही, तरी पँकहर्स्ट त्याच चौथऱ्यावर आहेत. आणि पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीपसिंग यांची कन्या सोफियाही आहे.

सोफियापासून धागा थेट मुंबईत येतो. १९११ मध्ये काश्मीरला गेलेल्या हेराबाई टाटांची तिच्याशी गाठ पडली. तिच्या पोशाखावर स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी करणारा छोटा बिल्ला लावलेला होता. त्या बिल्ल्यावरून बोलणं निघालं आणि हेराबाई या कामात पडल्या त्या कायमच्या. १९१९ मध्ये मुंबईच्या स्त्रियांनी त्यांना आणि त्यांची मुलगी मिठन हिला लंडनला पाठवलं. पार्लमेंटच्या समितीपुढे दोघींनी भारतीय स्त्रियांची बाजू मांडली. पार्लमेंटने निर्णय इथल्या प्रांतिक कायदेमंडळांवर ढकलला, तेव्हा लढा पुन्हा घरी आला. रमाबाई रानडे त्यात पुढे होत्या. १९२१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव मंजूर केला. मिठन पुढे बॅरिस्टर होऊन मुंबई हायकोर्टात उभ्या राहिल्या, तिथल्या पहिल्या महिला वकील.

एवढं सगळं या शहरात घडलं आणि त्याची साक्ष देणारा एक दगडही माझ्या पाहण्यात नाही, याचं वाईट वाटतं.

मला उंच पुतळा नको आहे. ओव्हल मैदानाच्या बाजूला, हायकोर्टासमोर, कमरेइतकी दगडी भिंत असावी. शाळकरी मुलीला अक्षरांवरून बोट फिरवता यावं अशा उंचीवर नावं कोरावीत आणि छायाचित्रं मिळतील तिथे चेहरेही. शिल्पकार खुल्या स्पर्धेतून निवडावा, जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनाही त्यात भाग घेऊ द्यावा. मात्र एक गोष्ट झाकू नये. १९२१ चं मत मालमत्तेच्या अटीवर होतं, म्हणजे मूठभर बायकांना. शेतात राबणाऱ्या बाईचं मत १९५१-५२ च्या निवडणुकीत आलं. त्याही वेळी देशभरात सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या, कारण स्वतःच्या नावाऐवजी ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच त्यांची नोंद झाली होती. भिंतीवर एक ओळ त्यांच्यासाठी हवीच.

महापालिका आणि राज्य सरकार यांनी हे काम हाती घ्यावं. नावांची यादी मात्र आपण वाचकांनी जमवायला हवी. पुण्या-मुंबईत आणि इतर गावांत त्या काळी सभा घेणाऱ्या, अर्जांवर सह्या करणाऱ्या बायकांच्या घरी जुनी पत्रं, हस्तलिखितं, फोटो असतील. आपल्या दैनिकाने तसं आवाहन करावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक, दादर, मुंबई