दारातली बाई

क्रॉयडन,
१२ ऑक्टोबर

प्रिय सखीस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत तू फोनवर विचारलंस, सध्या काय चाललंय, आणि मी म्हटलं, "नवऱ्याच्या घराण्यातले पब शोधतेय." तू इतकी हसलीस की पुढचं राहूनच गेलं. आज सगळं नीट लिहिते. घाईत सांगण्यासारखं नाहीच ते.

सासूबाई फेब्रुवारीत गेल्या. त्यांचं घर आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक फोटो मिळाला. अरुंद दर्शनी भाग, एकच दार, आणि दारात पांढरा ॲप्रन बांधलेली एक बाई. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. दाराच्या चौकटीवर एक पाटी, तिची अक्षरं पुसट. मागे सासूबाईंच्या हातचं एवढंच: "पणजी, ब्रायटन." ब्रायटनला आपली माणसं "हॉटेलच्या धंद्यात" होती, असं त्या सांगायच्या. पब हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. त्यांचे वडील दारूबंदीवाले, चॅपेलला जाणारे. त्या घरात पबचं नाव निघणं शक्यच नव्हतं.

मग मी शोधायला लागले. इथली जनगणना दर दहा वर्षांनी होते, आणि १८४१ पासूनच्या याद्यांत घराघरातली माणसं नावानिशी सापडतात. २ एप्रिल १८७१ च्या रात्रीची नोंद मिळाली. रसेल स्ट्रीट, ब्रायटन. नवरा, बायको, पाच मुलं, दोन भाडेकरू. नवऱ्याच्या नावापुढे धंदा लिहिलाय "बिअर रिटेलर". बायकोच्या नावापुढचा रकाना कोरा.

हे "बिअर रिटेलर" समजून घ्यायला मला महिना लागला. पूर्वी पब चालवायचा तर मॅजिस्ट्रेटकडून परवाना घ्यावा लागे. १८३० साली सरकारने कायदा केला की कर भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी भरून बिअर विकता येईल. लोकांनी जिन सोडून बिअर प्यावी, हा त्यामागचा एक हेतू. मग काय, पुढच्या खोलीत बाक टाकायचे, मागे पिंप ठेवायचं, झाला पब. तिथे बिअर विकता येई, जिन किंवा ब्रँडी नाही. ते विकणारा तो "लायसन्स्ड व्हिक्चुअलर", जरा वरच्या पायरीवरचा. १८६९ मध्ये ही मोकळीक संपली आणि बिअरवालेही पुन्हा मॅजिस्ट्रेटच्या ताब्यात गेले. आणि शोधणाऱ्याची खरी अडचण पुढेच आहे. त्या काळच्या व्यापारी डिरेक्टरींत मोठ्या पबांची नावं दिलेली असतात, पण बिअरवाल्यांचं फक्त माणसाचं नाव आणि पत्ता. म्हणजे आमच्याकडे गल्ली होती, माणूस होता, पण पबला नाव नव्हतं.

गल्लीही आता नाही. रसेल स्ट्रीट हा कोळ्यांचा भाग. १९६० च्या दशकात तो पाडून तिथे चर्चिल स्क्वेअर हे खरेदीचं संकुल उभं केलं. मी तिथे गेले, तर समोर सरकते जिने आणि कपड्यांची दुकानं. मग खाली समुद्रावर जाऊन बसले. आपल्यासारखी वाळू नाही तिथे, नुसते गोटे. लाट मागे जाताना ते एकमेकांवर घासतात आणि खळखळ आवाज होतो. पाण्यात वेस्ट पिअरचा, म्हणजे समुद्रात शिरलेल्या फिरायच्या धक्क्याचा, जळका लोखंडी सांगाडा उभा आहे. तो पिअर १८६६ चा, म्हणजे फोटोतल्या बाईने तो नवाकोरा पाहिला असणार. ती ज्या गावात वाढली ते गावच तेव्हा नव्याने घडत होतं. १८०१ मध्ये ब्रायटनची वस्ती ७,३३९ होती, १८५१ मध्ये ६५,५६९. मध्ये १८४१ ला लंडनहून रेल्वे आली. एका दिवसात समुद्र बघून परत जाता येऊ लागलं, आणि त्या सगळ्या माणसांना तहान लागत होती.

त्या नवरा-बायकोच्या लग्नाच्या नोंदीमागे सेंट निकोलस चर्चला गेले, तेव्हा तिथल्या दफनभूमीत कुणाची कबर दिसली असेल? साके दीन महोमद यांची. पाटण्यात जन्मलेला हा माणूस १८१४ मध्ये ब्रायटनला आला, समुद्राकाठी त्याने वाफेची स्नानगृहं काढली आणि राजांचं अंग चेपून दिलं. इंग्रजीतला "शाम्पू" हा मूळचा आपल्याकडचा शब्द, चांपणं, चेपणं. आजीचे पाय चेपायचो ना आपण, तेच. त्या कबरीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. परक्या घराण्याची मुळं शोधायला आलेय, ही भावना तिथे गळून गेली.

आता मुख्य गोष्ट. ब्रायटनजवळ फाल्मरला "द कीप" नावाचं अभिलेखागार आहे. तिथे शाई चालत नाही, फक्त पेन्सिल. पोथी रेहालवर ठेवतात तशी जुनी वही मऊ उशीवर ठेवायची. परवान्यांच्या वहीत बोट न लावता एकेक ओळ बघत गेले. १८७७ च्या मार्चमध्ये त्याचं नाव खोडलेलं, आणि शेजारी तिचं. परवाना विधवेच्या नावे वर्ग. त्याच्या दफनाची तारीख मी आधी काढून ठेवली होती. मध्ये फक्त अकरा दिवस. पाच मुलं, नवऱ्याला मातीत ठेवून अकरावा दिवस, आणि ती मॅजिस्ट्रेटसमोर उभी. पुढे दर वर्षी परवाना नवा करून घ्यायला तिला जावं लागलं. सव्वीस वर्षं ती जात राहिली.

मला सांग, अकरा दिवसांत कुणी धंदा शिकतं का? पिंप कधी उघडायचं, उधारी कुणाला द्यायची, कुठल्या खलाशाला कधी दाराबाहेर काढायचं, हे तिला आधीच येत होतं. पिंपं धूत होती तीच, भाडेकरूंचं रांधत होती तीच. विवाहित बाईला सहसा परवाना मिळत नसे, म्हणून कागदावर तो होता. तो मेला आणि ती कागदावर आली. १८८१ च्या जनगणनेत तिच्या नावापुढचा रकाना भरलेला आहे. तो वाचताना मला रडू आलं, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांनी न बोलता रुमाल पुढे केला.

घरी येऊन फोटो भिंगाखाली धरला. कायद्याने परवानाधारकाचं नाव दारावर लिहावं लागे. इतके दिवस आम्ही ते त्याचं नाव समजत होतो. आद्याक्षर नीट पाहिलं, तर ते तिचं होतं! स्वतःच्या नावाच्या पाटीखाली उभी आहे ती.

आणखी एक मिळालं. जुन्या वर्तमानपत्रात १८८४ ची चार ओळींची बातमी. बुडालेल्या एका कोळ्याच्या मृत्यूची कॉरोनरची, म्हणजे अपघाती मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी "श्रीमती अमुक यांच्या घरी" झाली. तेव्हा अशा चौकश्या पबमध्येच भरत, १९०२ च्या कायद्याने ते बंद झालं. पबचं नाव त्या बातमीत पहिल्यांदा सापडलं, एका जहाजावरून ठेवलेलं. नवरा ते दिवसभर पुटपुटत होता. पण माझ्या मनात राहिलं ते निराळंच. मागच्या पडवीत ते प्रेत, पुढच्या खोलीत पंचांचे बारा लोक, आणि मधे ही. कदाचित तो कोळी तिच्याकडे रोज येणाराच असेल.

तुला माझी आजी आठवते ना? मालवणची खाणावळ? आबा गिरणीत, मुंबईला, वर्षातून शिमगा-गणपतीला येणार. पहाटे चारला चूल पेटवणारी आजी. बंदरावरचे तांडेल, एसटीचे ड्रायव्हर, सगळ्यांची ताटं तिने वाढली. आणि सगळं गाव म्हणायचं, "आबांची खाणावळ". तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिलाय "घरकाम". तो दाखला मीच आणला होता गं, आणि तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.

म्हणून एक काम सांगते. दिवाळीला तू मालवणात असशील तेव्हा नगरपरिषदेत जाऊन खाणावळींच्या परवान्यांच्या जुन्या वह्या बघायला मिळतात का, विचार. साल साधारण १९५५ ते १९७२. बाजारपेठेतून बंदराकडे जाणारा रस्ता. आबांचं नाव दिसलं तर तिथे थांबू नकोस, पुढची पानं उलट. आबा १९६६ च्या पावसाळ्यात गेले.

काकींना नमस्कार. फोटोची प्रत सोबत पाठवतेय. पाटी नीट बघ.

तुझीच,
होस्टेलची रूममेट