रविवारच्या दुपारी परिसर कळत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घर घेणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत क्षेत्रफळ, कर्ज, कागदपत्रे यांवर सविस्तर लेख येतात. परिसराचा विषय मात्र ‘आजूबाजूचा भाग पाहून घ्यावा’ एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. पाहायचे म्हणजे नेमके काय आणि कधी, हे कुणी सांगत नाही. फरशी, खिडक्या, नळ पुढे केव्हाही बदलता येतात. घरामागचा नाला आणि समोरचा चौक बदलता येत नाही. म्हणून हे पत्र.

पहिला मुद्दा वेळेचा. घर दाखवणारे बहुधा सुट्टीच्या दिवशी, अकरा ते चारच्या दरम्यान बोलावतात. तेव्हा रस्ता मोकळा असतो, शाळा आणि कारखाने बंद असतात. शिवाय उन्हाने तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढत असते आणि तिच्याबरोबर धूर व वासही वर जाऊन विरळ होतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर रात्री नेमके उलटे होते. जमीन निवते, तिच्यालगतची थंड हवा तिथेच बसून राहते आणि वर उबदार हवेचे झाकण पडते. कचरा डेपोचा किंवा सांडपाणी प्रकल्पाचा वास मग उशिरा रात्री आणि पहाटे खालीच रेंगाळतो. आवाजाचेही तसेच. दिवसा ध्वनिलहरी वरच्या बाजूला वळतात, अशा रात्री त्या जमिनीकडे वळतात. त्यामुळे दुपारी ऐकूही न आलेली दूरची रेल्वे रात्री उशाशी येते. तेव्हा एक फेरी रात्री दहा-अकराला, एक पहाटे पाचला, एक कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला आणि एक जोराच्या पावसानंतर तासाभरात, अशा निदान चार फेऱ्या माराव्यात. रात्रीच्या फेरीतच गाड्या कुठे आणि कशा लागतात तेही दिसते. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर मध्ये साडेतीन-चार मीटर मोकळी जागा उरत नसेल, तर अग्निशमनाची गाडी आत शिरताना अडेल.

आवाज मोजायला मोबाइलवरचे ॲप चालते. त्याचा आकडा काही डेसिबलने चुकू शकतो, म्हणून दोन घरांची तुलना एकाच फोनने, खिडकी उघडी ठेवून, पंधरा-पंधरा मिनिटे करावी. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते. रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या खाली असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. ‘रस्त्यापासून जरा आत आहे’ या आश्वासनावर विसंबू नये. वाहत्या रस्त्यापासूनचे अंतर २० मीटरचे ४० मीटर झाले, तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. मध्ये सलग इमारत आड येत असेल, तर मात्र फरक खूप मोठा पडतो. त्यामुळे झोपण्याची खोली रस्त्याकडे आहे की मागच्या अंगाला, हा प्रश्न अंतरापेक्षा महत्त्वाचा. धुराचे तसे नाही, त्याला अंतरच लागते. मोठ्या रस्त्यालगतच्या पहिल्या दीड-दोनशे मीटरमध्ये त्याचा त्रास सर्वांत जास्त.

आता पाणी. आमच्या मते सर्वाधिक नुकसान इथेच होते आणि सर्वांत कमी बघितलेही इथेच जाते. कुंपणाची भिंत, विजेचे खांब, झाडांचे बुंधे यांवर एकाच उंचीवर सरळ आडवी मातकट रेघ दिसली, तर ती साचलेल्या पाण्याची खूण. जमिनीतून चढलेली ओल अशी सरळ नसते. तिची कड वेडीवाकडी असते आणि वर क्षारांची पांढरी बुकटी फुलते. भिंतीला फक्त गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ताजा रंग असेल किंवा तळमजल्यावरचे वीजमीटर अलीकडेच वर सरकवलेले असतील, तर कारण विचारावे. डांबराचे थरावर थर चढून रस्ता जोत्यापेक्षा उंच झाला असेल, तर पूर न येताही पाणी आत येणार. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, म्हणजे चारात एक.

खिडकीसमोरचा मोकळा भूखंड पाहून हुरळून जाऊ नये. नगररचना कार्यालयातला मंजूर आराखडा काढून त्या जागेवर आरक्षण कशाचे, रस्तारुंदीची रेषा कुठून जाते, किती उंच बांधकामाला परवानगी आहे, एवढे वाचावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

शेजाऱ्यांना ‘परिसर कसा आहे?’ असे विचारले की ‘चांगला आहे’ हेच उत्तर मिळते. प्रश्न नेमका हवा: मागच्या मोठ्या पावसात पाणी किती पायऱ्या चढले? सकाळी सातला वरच्या मजल्यावर नळाला धार कशी असते? वीज गेली की किती वेळाने येते? आणि हे एकाला नव्हे, वेगवेगळ्या मजल्यांवरच्या तिघा-चौघांना विचारावे.

राहिले अंतर. रोजच्या प्रवासात जाताना-येताना अर्धा-अर्धा तास वाढला, तर २४० कामाच्या दिवसांत २४० तास जातात, म्हणजे वर्षातले पूर्ण १० दिवस-रात्र. स्वस्त घराचा हिशेब मांडताना हे तास धरावेत. जाहिरातीतले ‘स्टेशन ५ मिनिटांवर’ कशावरून, हे मात्र कधीच कळत नाही. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे ५ मिनिटे हे ४०० मीटर झाले. प्रत्यक्षात ते अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजलेले किंवा रिकाम्या रस्त्यावर गाडीने कापलेले असते.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रात घरांच्या जाहिराती घेताना अंतर मिनिटांत न छापता, पायी रस्त्याने इमारतीच्या फाटकापासून किती मीटर, असेच छापण्याची अट घालावी.

आपले नम्र,
घरांची पाहणी व मूल्यांकन करणारे दोन वाचक