काय वाचावं ते फूटपाथवरच्या पुस्तकवाल्यालाही विचारा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नवीन पुस्तकांची ओळख येते ती मी आवडीने वाचते, कापून पण ठेवते. पण बरेच दिवस एक गोष्ट मनात आहे. पुस्तकं सुचवायला तुम्ही प्राध्यापकांना विचारता, लेखकांना विचारता, कधी नाटका-सिनेमातल्या मंडळींना विचारता, पण जुनी पुस्तकं विकणाऱ्या माणसाला कधीच कोणी विचारत नाही, आणि मला गेल्या 15 वर्षांत जे काही मनापासून आवडलं ते बहुतेक सगळं अशाच एका माणसाने माझ्या हातात ठेवलंय.

मी सायनला राहते. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे स्टॉल मुंबईतल्या कॉलेजच्या पोरांना वेगळे सांगायला नकोत. इंजिनिअरिंगची पुस्तकं, इंग्लिश कादंबऱ्यांचे ढीग, मराठी तसं कमीच. पण तिथल्या एका काकांकडे मागे ताडपत्रीखाली दोन-तीन खोकी मराठीची असतात, पहिल्यांदा गेले तेव्हा मला बीएडचं गाईड पाहिजे होतं, ते मिळालं नाही, निघणार तेवढ्यात काका म्हणाले ताई हे घेऊन जा, 40 रुपये द्या, नाही आवडलं तर परत आणा, 20 परत देईन.

ते पुस्तक होतं लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. मी शाळेत त्यातला धडा वाचलेला आणि विसरलेली. घरी येऊन रात्री दीडपर्यंत वाचत बसले. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला आणि या बाईचं सगळं जगच उलटंपालटं झालं, माहेर सोवळ्यातलं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि ती हे सगळं इतक्या सरळ मनाने सांगते की कुठे रडवते आणि कुठे हसवते ते आपल्याला कळत पण नाही. 1934 ते 36 मध्ये आलेलं पुस्तक, पण भाषा अशी की शेजारच्या मावशी ओट्यापाशी उभ्या राहून सांगतायत. ते मी परत नाही केलं.

काकांचं सगळं गणित इथेच आहे. अर्ध्या पैशात परत घ्यायची पद्धत असल्यामुळे त्यांना बरोबर कळतं की कुठलं पुस्तक चार दिवसांत परत येतं आणि कुठलं एकदा गेलं की येतच नाही. ते म्हणतात, ताई जे परत येत नाही ते मी लोकांना सुचवतो. मला तरी यापेक्षा प्रामाणिक परीक्षण माहीत नाही. दुसरी खूण ते बघतात पुस्तकाच्या अंगावर. जुन्या बिल्डिंगी रीडेव्हलपमेंटला जातात तेव्हा घरातलं सामान निघतं आणि आजोबांचं कपाट पोत्यात भरून येतं. त्यात लग्नात मिळालेली, 'सप्रेम भेट' लिहिलेली, 30 वर्षांत न उघडलेली पुस्तकं कोरी करकरीत असतात. आणि काही अशी असतात की पुठ्ठा सुटलाय, पाठीला खाकी कागद चिकटवलाय, पानावर हळदीचं बोट उमटलंय, म्हणजे कोणीतरी फोडणी देता देता वाचलेलं. काका आधी ती बाजूला काढतात.

नंतर त्यांनी दिलेलं म्हणजे उद्धव शेळक्यांची 'धग', 1960 ची. वऱ्हाडातली कौतिक, तिचा संसार ओढायचा जीवघेणा प्रयत्न. मी कोकणातली, बोलीतले संवाद पहिली 20 पानं अडखळत वाचले, काका म्हणाले मोठ्याने वाचा, आणि खरंच मोठ्याने वाचल्यावर कानाला सवय झाली. मग दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' (1978). ते वाचल्यावर नागपाड्यावरून बस जाते तेव्हा मला त्यातला कावाखाना, पवारांचं लहानपण गेलं ती वस्ती, आठवतो, त्या आधी मी त्या भागातून शंभर वेळा गेले असेन पण बघितलं काहीच नव्हतं. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' तर एवढीशी आहे, दोन बैठकीत होते. युरोपातून निघालेली बोट, हिटलरच्या तावडीतून सुटलेली ज्यू माणसं आणि एक मराठी तरुण, हे 1939 साली मराठीत लिहून झालं होतं हे मला वयाच्या चाळिशीत कळलं याचं वाईट वाटतं.

काका आवृत्तीवरून पण अडवतात. मी गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' उचललं तर म्हणाले थांबा, ही प्रत चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये आवृत्ती काढली त्यावरची आहे, त्यांनी भाषा आणि मजकूर बराच बदललाय, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून 1966 ला छापलं ते मिळालं तर ते वाचा. वरसईचा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघतो आणि थेट 1857 च्या बंडात सापडतो, झाशीत अडकतो, सगळं लुटलं जातं, तरी येताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन येतो. असा माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत वाचायला पाहिजे हे काकांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. हातातलं विकायचं सोडून दुसरं शोधा म्हणणारा दुकानदार अजून कुठे भेटतो सांगा.

माझा मुलगा इंग्लिश मीडियमला, सातवीत. मराठी वाचायला कंटाळायचा. त्याला काकांनी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' दिला, मालिकेतलं एकच पुस्तक, दुसरं मागायला यायचं अशी अट घालून. तो आता स्वतः सायकलने जातो.

माझी विनंती एवढीच आहे, महिन्यातून एकदा चार ओळींची जागा अशा जुन्या पुस्तकवाल्यांना द्या, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, नाशिकला, नागपूरला, कोल्हापूरला, कुठेही, आणि एकच प्रश्न विचारा, तुमच्याकडून गेलेलं कुठलं पुस्तक परत येत नाही? मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पानंच्या पानं आली, आनंदच आहे, पण ही माणसं पावसात ताडपत्री धरून त्याच भाषेची पुस्तकं वाळवी आणि कसर यांच्यापासून सांभाळतायत, त्यांचं नाव एकदा तरी छापून यावं असं मला फार वाटतं.

आणि वाचकांनाही सांगायचंय, घर रिकामं करताना पुस्तकं किलोवर देऊ नका, आधी जवळच्या पुस्तकवाल्याला बोलवा. पोतदारांची ती 1966 ची प्रत मला अजून मिळालेली नाही. कोणाकडे जास्तीची असेल तर किंग्ज सर्कलला कुठल्याही स्टॉलवर द्या, मी दर शनिवारी तिथे जाते.

आपली,
एक वाचक, सायन, मुंबई