ओकावांगोचं पाणी वाया जात नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेच्या सफरीवर लेख आला होता. सिंह, जिराफ, उघडी जीप यांवर भरपूर मजकूर होता आणि बोट्स्वानातल्या ओकावांगो त्रिभुज प्रदेशाला शेवटी चार ओळी मिळाल्या. समुद्राला न मिळता वाळवंटात जिरून वाया जाणारी नदी, असा तिचा उल्लेख होता. मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं. गेल्या जुलैत आम्ही कॉलेजचे जुने मित्र त्याच पाण्यात होडीतून फिरून, बेटांवर तंबू ठोकून राहून आलो. ते वाक्य तसंच सोडून देववत नाही, म्हणून हे पत्र.

आधी आकडे सांगतो, कारण पाण्याविषयी बोलायचं तर मला तिथूनच सुरुवात करता येते. अंगोलाच्या पठारावर जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस पडतो. कुबांगो आणि कुइतो या दोन नद्या तो गोळा करतात, एकत्र येऊन नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडतात आणि मोहेम्बो गावापाशी बोट्स्वानात शिरतात. पुढे कलाहारीची वाळू सुरू होते आणि नदी हाताच्या पंजासारखी पसरते. सुमारे अडीचशे किलोमीटरमध्ये उतार जेमतेम 60 मीटर, म्हणजे आपण कालव्याला देतो तसा. वर्षाला सरासरी 10 अब्ज घनमीटरच्या आसपास पाणी येतं. आपल्या हिशेबात साधारण 350 टीएमसी. कोयनेचा पूर्ण साठा 105 टीएमसी आहे, यावरून अंदाज यावा. यातलं जवळजवळ सगळं पाणी झाडं, गवत आणि ऊन मिळून हवेत परत पाठवतात.

उतार इतका कमी आणि वाटेत पपायरसचं, म्हणजे उंच लव्हाळ्याचं, रान इतकं दाट, की पूर रांगत येतो. मोहेम्बोला एप्रिलच्या सुमारास तो भरात असतो, खालच्या टोकाच्या माउन शहराकडे पोचायला त्याला जुलै-ऑगस्ट उजाडतो. म्हणजे बोट्स्वानात कित्येक महिने ढग फिरकलेला नसतो, चौफेर गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, आणि नेमकं तेव्हा पाणी येतं. पाऊस एका देशात आणि पूर दुसऱ्या देशात, तोही उन्हाळी पिकाला आवर्तन सोडावं तसा वेळेवर. कुणी ठरवून केलं असतं तरी यापेक्षा चांगलं नियोजन जमलं नसतं.

आता होडीविषयी. तिथे तिला मोकोरो म्हणतात. पूर्वी एका खोडातून कोरायचे, त्यासाठी किगेलियाचं किंवा आबनूसाच्या जातीचं मोठं झाड पाडावं लागे. आता झाडं वाचवायला बहुतेक मोकोरो फायबरग्लासच्या असतात; आकार तोच, अरुंद आणि उथळ. दोघांनी पाय पसरून खाली बसायचं, मागे नावाडी उभा. वल्हं नाही, एक लांब काठी असते, तिला न्गाशी म्हणतात. तळाला टेकवून रेटा द्यायचा की होडी सरकते. आमच्या होडीवर एक बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांना आम्ही तिथल्या रीतीप्रमाणे ‘म्मा’ म्हणत होतो. काठी पाण्यातून काढताना थेंबाचासुद्धा आवाज होत नव्हता. खोल, रुंद पाणी आलं की त्या कडेच्या लव्हाळ्यातून होडी घालत, कारण मधोमध पाणघोडे असतात आणि हसण्यावारी नेण्यासारखा तो प्राणी नाही. पण हेच पाणघोडे रोज ये-जा करून पपायरसमधून वाटा मोकळ्या ठेवतात आणि त्या वाटांनीच पुढे पाणी वाहतं. आमच्याकडे कालव्याच्या चाऱ्यांतला गाळ काढायला दरवर्षी निविदा निघते.

होडीच्या काठाशी डोळे पाण्यापासून हातभर वर असतात. तळाची पांढरी वाळू स्वच्छ दिसते. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत असतात, त्याच जातकुळीतले जे आपल्याकडे तळ्यांवर दिसतात. बोटाच्या पेराएवढा रंगीत बेडूक लव्हाळ्याच्या देठाला चिकटलेला असतो आणि तो म्मांनी दाखवेपर्यंत आमच्यातल्या एकालाही दिसला नव्हता. लेचवे नावाची तांबूस हरणं गुडघाभर पाण्यातून धावली की कितीतरी वेळ आवाज येत राहतो. जीपमधून हे मिळत नाही.

मुक्कामाच्या बेटावरची एक गोष्ट मात्र मला सविस्तर लिहायची आहे. संध्याकाळी म्मांबरोबर पायी फिरायला निघालो. बेटाच्या कडेने मोठी झाडं, अंजिराच्या जातीची, आबनूसाच्या जातीची. जरा आत गेलं की ताड. आणखी आत गेलं की झाडंच संपली, खुरटं टोकदार गवत उरलं आणि मधोमध पांढरा पापुद्रा आलेली उघडी जमीन लागली. विलास माझा मित्र, शिरोळ तालुक्यातला शेतकरी. तो खाली बसला, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि म्हणाला, “अरे, ही तर आमची क्षारपड!”

कृष्णाकाठी ज्यांची शेती आहे त्यांना यापुढे समजावून सांगायला नको. उसाला पाटपाणी बेसुमार दिलं, निचरा झाला नाही, क्षार वर आले आणि शिरोळ-वाळव्याकडची कसदार जमीन पांढरी पडली. आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून ते क्षार धुवून काढायला शेतकरी कर्ज काढतात. विलासनेही काढलं. ओकावांगोच्या पाण्यातही क्षार येतात, दरवर्षी हजारो टन, आणि समुद्राला वाट नाही. हिशेबाने तो सगळा प्रदेश कधीच मिठागर व्हायला हवा होता. पण पाणी आम्ही ओंजळीने प्यायलो, गोडं.

दक्षिण आफ्रिकेचे भूशास्त्रज्ञ टेरेन्स मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. वाळवी वारूळ बांधते, ते पुराच्या पाण्यावर डोकं काढून राहतं. त्यावर पक्षी बसतात, बी पडतं, झाड येतं, बेट तयार होतं. कडेची झाडं भूजल ओढतात. पाणी पानांतून उडून जातं, क्षार बेटाच्या पोटात मागे राहतात. साठत साठत तिथलं पाणी इतकं खारट आणि जड होतं की ते आपल्या वजनाने खोल जमिनीत उतरतं. बेटाचा मध्यभाग मरतो आणि भोवतालचं सगळं पाणी गोडं राहतं. अशी हजारो बेटं आहेत. झाडांनी हवेत उडवलेलं जे पाणी आपल्या लेखकांनी वाया गेलं म्हणून मोजलं, ते पाणी उडतं म्हणूनच हे घडतं. विलास त्या पांढऱ्या जमिनीपाशी अंधार पडेपर्यंत थांबला होता. शेवटी म्मांनीच त्याला परत फिरवलं, कारण अंधारात तंबूपासून लांब राहायची मुभा नसते.

रात्री थंडी कडाक्याची होती, शेकोटी सोडवत नव्हती. आम्ही घरून नेलेलं बेसन काढून पिठलं केलं. नावाड्यांनी ज्वारीच्या पिठाचं घट्ट बोगोबे शिजवलं होतं. दोन्ही एकत्र उत्तम लागतं, हे मी सांगलीत कुणालाही खात्रीने सांगेन.

शेकोटीपाशीच 1991 ची हकिगत निघाली. आम्ही ज्या बोरो नदीतून आलो, ती यंत्रांनी खोदून रुंद आणि सरळ करायची, खाली जलाशय बांधायचे, अशी बोट्स्वाना सरकारची मोठी योजना होती. माउनला पाणी, शेतीला पाणी, ओरापाच्या हिऱ्यांच्या खाणीला पाणी. कागदावर योजना चोख होती, मी त्या खात्यात असतो तर माझ्याही टेबलावरून ती पुढे गेली असती. पण सत्तरच्या दशकात बोरोचा खालचा थोडा भाग असाच खोदला गेला होता आणि त्या काठाचं कसं नुकसान झालं ते गावकऱ्यांनी पाहिलं होतं. जानेवारी 1991 मध्ये माउनच्या खोटलात, म्हणजे त्यांच्या गावसभेत, शेकडो माणसं जमली आणि मंत्र्यांसमोर त्यांनी योजना नाकारली. सरकारने काम थांबवलं, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना आययूसीएनकडून तपासणी करून घेतली आणि 1992 मध्ये योजना गुंडाळली. 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ओकावांगोची नोंद झाली, ती यादीतली हजारावी जागा. त्या सभेतल्या माणसांचं नाव मात्र पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सहसा सापडत नाही.

धोका संपलेला नाही. पाणी येतं अंगोलातून. 1996 च्या दुष्काळात नामिबियाने रुंदूजवळून पाणी उचलून राजधानी विंडहोककडे न्यायचं ठरवलं होतं. पाऊस झाला आणि ते मागे पडलं. विंडहोकची तहान खोटी नव्हती, तिलाही उत्तर हवंच. तिन्ही देशांनी 1994 मध्ये संयुक्त आयोग नेमला आहे आणि तो अजून एकत्र बसतो. कृष्णेच्या पाण्यावरून आपली राज्यं किती काळ लवादापुढे उभी आहेत ते पाहिलं, की या एकत्र बसण्याची किंमत मला कळते.

आपल्या वाचकांपैकी ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. जोहान्सबर्गहून माउनला विमान आहे. जून ते ऑगस्टमध्ये जा. विमानातून अर्धा तास बघून किंवा दुपारपुरतं होडीत बसून परत फिरू नका; बेटावर राहा. माउनच्या परिसरातल्या गावांनी मिळून चालवलेला मोकोरो न्यास आहे, त्याच्या नावाड्यांना पाळीपाळीने काम मिळतं आणि पैसा गावात राहतो. आपला तंबू, आपला शिधा नेला तर खर्च आलिशान तळांच्या मानाने फारच कमी येतो. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, लोकरीचे कपडे घ्या आणि होडीत बोलणं कमी ठेवा.

पुरवणीत पुन्हा कधी ओकावांगोवर लिहिणार असाल, तर माउनच्या त्या गावसभेला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त उपविभागीय अभियंता, सांगली